घरासाठी व्यायामाची सायकल निवडताना

आमच्या घरी व्यायामाची सायकल घ्यायचे ठरले तेव्हा ती वापरणारी माणसे तीन होती: गुडघेदुखीमुळे जिने टाळू लागलेली आई, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा मी आणि पावसाळ्यात मैदानावरचा सराव बंद पडला की चिडचिड करणारी माझी मुलगी. तिघांच्या उंचीत आणि ताकदीत एवढा फरक असल्यामुळे, विक्रेता मोठ्या कौतुकाने दाखवत असलेल्या पडद्याकडे मी फारसे लक्ष दिले नाही. सीट किती खाली येते आणि चाकावरचा ताण कसा कमी-जास्त होतो, या दोन गोष्टींवरच निवड करायची असे ठरवले होते.

बाजारात साधारणपणे सरळ बसून चालवायची नेहमीची सायकल, पाठीला टेकू आणि पुढच्या बाजूला पेडल असलेली रिकम्बंट, पुढे झुकून जोरात चालवायची स्पिन बाइक आणि हँडलही मागेपुढे हलणारी एअर बाइक असे प्रकार दिसतात. कंबरदुखी असलेल्यांना आणि तोल जाण्याची भीती वाटणाऱ्या ज्येष्ठांना रिकम्बंट सर्वांत सोयीची, पण तिची लांबी शहरातल्या दोन खोल्यांच्या घराला झेपत नाही. स्पिन बाइकवर बसायला उंच सांगाड्यावरून पाय टाकावा लागतो. शिवाय बहुतेक स्पिन बाइकमध्ये चाक आणि पेडल कायमचे जोडलेले असतात. पाय थांबवू म्हटले तरी पेडल चाकाबरोबर फिरतच राहते आणि नॉब दाबून ब्रेक लावावा लागतो. घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट दुकानातच तपासावी. आमच्यासाठी मधला दांडा खाली असलेली सरळ सायकलच योग्य होती.

खरा फरक ताण निर्माण करण्याच्या पद्धतीत असतो. सर्वांत स्वस्त सायकलींत नॉब फिरवला की नमद्याची गादी चाकावर घासते. ती झिजते, कधी किरकिरते आणि काही काळाने बदलावी लागते. चुंबकीय सायकलीत चुंबक चाकाजवळ सरकतात, फिरत्या धातूत विद्युतप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि तेच चाकाच्या गतीला विरोध करतात. कशाचाही कशाला स्पर्श होत नसल्यामुळे झीज नाही आणि आवाजही नाममात्र. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवायचे असतील, तर थोडे अधिक पैसे इथेच खर्च करावेत. एअर बाइकच्या पंख्याचे गणित वेगळेच आहे. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वेगाने पेडल मारायचे तर जवळजवळ आठपट शक्ती लागते. मात्र एअर बाइक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त सायकलींत हा पंखा नावापुरताच असतो आणि बहुतेक ताण चाकाच्या कडेवर आवळल्या जाणाऱ्या पट्ट्याचाच असतो.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे पेडल मारल्यावर फिरणाऱ्या चाकाच्या, वजनाचा गाजावाजा बराच होतो. चाक जड असले की पेडल एकसारखे फिरते हे खरे, पण चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने हलके पण अधिक वेगाने फिरवलेले चाकही तेच काम करू शकते. म्हणून किलोचा आकडा वाचण्याऐवजी ताण मध्यम ठेवून सावकाश पेडल मारून पाहावे. पेडल सर्वांत वर आल्यावर गचका बसला, तर ती सायकल तिथेच सोडावी.

सीटची उंची ठरवण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. पेडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट खाली राहिली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येऊन पुढच्या बाजूला दुखते आणि ती फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे ओढ बसते. काही सायकलींत सीट सर्वांत खाली आणूनही आईची टाच पेडलला टेकेना, त्या मी लगेच बाद केल्या. आई घरात गाऊन घालते, त्यामुळे क्रँकजवळचा, म्हणजे पेडल ज्या दांड्याला जोडलेले असते त्याच्याजवळचा, भाग पूर्ण झाकलेला आहे ना, हेही वाकून पाहिले.

पडद्यावरचे कॅलरीचे आकडे मी मनावर घेत नाही. अनेक स्वस्त मीटर केवळ पेडलचे फेरे मोजतात. ताण किती आहे हे त्यांना कळतच नाही. शरीराची कार्यक्षमता २० ते २५ टक्के धरली, तर १०० वॅटने अर्धा तास चालवल्यावर साधारण १७० ते २१५ कॅलरी खर्च होतात. त्याहून फार मोठा आकडा दिसला, तर तो ग्राहकाला खूश करण्यासाठी आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, आणि बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढी धाप मध्यम श्रमाची खूण म्हणून पुरते.

वजनाची मर्यादा घरातल्या सर्वांत जड माणसापेक्षा बरीच जास्त असावी आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. जोडणी स्वतः करणार असाल तर डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे: ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळायचे, आधी हाताने आणि मगच पान्याने. जबरदस्ती केली तर क्रँकचे आटे खराब होतात आणि मग पेडल पुन्हा पुन्हा सैल होत राहते.