पोलखाली एकटाच बडबडत होतो

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं आणि पुढच्या आठवड्यात आमची गँग साताऱ्याहून रायगडला रवाना झाली. आम्ही वायरमन लोकं. शाळेत मुक्काम, तोंडाला मास्क, सकाळी सहाला जीपमधे. श्रीवर्धनकडे नारळ-सुपारीच्या वाड्या अक्षरशः झोपल्या होत्या, आणि त्या झाडांबरोबर तारा न् पोल पण. काम काय असतं ते लोकांना माहितीच असतं, पोल उभा करा तारा ओढा चालू करा. माहिती नसतं ते एवढंच की डीपीतला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला, फ्यूज काढला की त्याच्या ग्रीपा, म्हणजे फ्यूजची तार बसवलेल्या मुठी, आम्ही खिशात घालून फिरतो, कारण ग्रीप डीपीतच ठेवली तर कुणीतरी शहाणा ती परत लावतो. दिवसभर खिसा जड असतो.

आता माझी गोष्ट. २०१८ ला मी पोलवरून पडलोय. शॉक लागला, कॉलरबोनमधे प्लेट बसली, चार महिने घरी. तेव्हापासून शिडीच्या तिसऱ्या पायरीला पाय ठेवला की डावा हात थरथरतो. हे गँगमधे कुणाला सांगितलेलं नाही. सांगून काय, हसतील नाहीतर ऑफिसात बसवतील, आणि ऑफिसात बसणाऱ्यांबद्दल आमचं मत काय आहे ते न लिहिलेलं बरं. ट्रेनिंगला एकदा एक साहेब आणले होते, त्यांनी सगळ्यांना उभं करून "मी करू शकतो" असं तीनदा ओरडायला लावलं. मी ते खरंच वर्षभर वापरलं. पायरीवर उभं राहून मनात म्हणायचं, काही होत नाही रे, चढ. आणि चढायचो पण.

त्या दिवशी दुपारी एका वाडीतल्या पोलवर शॅकल, म्हणजे तार बांधायचा इन्सुलेटर, बदलून तार बांधायची होती. साधं एलटीचं, म्हणजे घरगुती लाईनीचं काम, आठ मीटरचा सिमेंटचा पोल. डीपी मी स्वतः काढलेली, म्हणजे बंद केलेली, ग्रीपा खिशात. खाली पाच-पन्नास माणसं, "दादा आज लाईट येणार ना?" लाईट जाऊन बारावा दिवस, त्यांचंही खरंच होतं. वर सुपरवायझरचा फोन, फोटो टाका, चार्ज झालं का. यांना लाईन चालू होण्यापेक्षा ग्रुपवर फोटो पडण्याची घाई. तारेतला करंट जमिनीत उतरवायची अर्थिंग चेन आणि ती खालून अडकवायचा दांडा जीपमधेच राहिला होता, जीप शंभरेक पावलं मागे, मधे आडवं पडलेलं आंब्याचं झाड.

शिडीला हात लावला आणि थरथर पहिल्याच पायरीला. मनातला आवाज लगेच सुरू, काही होत नाही, लाईन बंद आहे, ही नुसती भीती आहे, चढ.

का कोण जाणे, पण त्यावेळी मला आमच्या शिकाऊ पोराची आठवण झाली. आयटीआयचं पोरगं, तिथंच दोन फुटांवर दोरी धरून उभं होतं. याला मी चढवताना काय म्हणतो? काही होत नाही असं कधीच म्हणत नाही. प्रश्न विचारतो. तर मी पाय खाली घेतला आणि स्वतःलाच विचारायला लागलो, आणि मोठ्यानं बोललो हे मला नंतर कळलं. "हां लेका, डीपी कुणी काढली? मी. ग्रीपा कुठायत? खिशात. करंट दुसरीकडून येऊ शकतो का? ... चेन टाकलीस का?" नाही टाकली.

पोराला जीपकडे पिटाळलं. लोकं वैतागली, एकजण म्हणालाच, "बंद लाईनीला कशाला येवढं?" आधी चेनचं जमिनीकडचं टोक खुंटीला आवळलं, मग दांड्यानं खालूनच एक आकडा न्यूट्रलला अडकवला, काही नाही. दुसरा फेजला टेकवला आणि चर्रर्र, निळी ठिणगी, आकड्याचं टोक काळं. त्याच क्षणी वाडीच्या मागं जे पुटपुट चाललं होतं ते घों करून दबलं आणि बंद पडलं. जनरेटर! तो आवाज सगळ्यांच्याच कानावर होता, माझ्याही, वादळानंतर घरोघरी तेच चाललेलं. पाण्याच्या पंपासाठी भाड्यानं आणलेला, गावातल्या कुणीतरी वायर थेट घरच्या बोर्डात खुपसलेली, मेन स्विच तसाच चालू, घर बाहेरच्या लाईनीपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच वगैरे भानगडच नाही. म्हणजे त्या घरातून सर्व्हिस वायरनं करंट उलटा माझ्या तारेवर.

घर होतं एका आजींचं. त्याच मघापासून पोलखाली उभ्या राहून "सांभाळून चढ हो बाळा" म्हणत होत्या. काय बोलणार त्यांना. मेन स्विच बंद केला, त्यांनी कोरा चहा दिला, तो प्यालो.

डोक्यातनं जात नाही ते वेगळंच. हात थरथरला तो काय जनरेटरचा आवाज ऐकून थरथरला नव्हता, तो रोजच थरथरतो. मग मी वाचलो तो भीतीमुळं की प्रश्नांमुळं? आणि "काही होत नाही" म्हणत वर्षभर जे पोल चढलो त्यातल्या किती पोलांवर मी खरंच चेन टाकली होती? आठवायला गेलो की सगळे आठवत नाहीत.

पोरगं म्हणालं, "तात्या, मघाशी कुणाशी बोलत होता?" म्हटलं, "तुझ्याशीच. लक्ष कुठं होतं तुझं?"

संध्याकाळपर्यंत अजून सहा पोल होते. हात सहाही पोलांना थरथरला. प्रत्येक पोलखाली मोठ्यानं बडबडलो, लोकं हसली.