पोलो जीटी टीएसआय: १८५ वरून १९५, टायरबदलाची नोंद

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, पंधरा इंची अलॉयची. मूळ माप १८५/६० आर१५, म्हणजे रुंदी १८५ मिमी, टायरच्या बाजूच्या भिंतीची (साइडवॉल) उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम पंधरा इंची. इंजिन १.२ लिटर टर्बो, ताकद १०५ पीएस, टॉर्क (चाक फिरवणारा जोर) १७५ एनएम, आणि हा सगळा टॉर्क पुढच्या दोनच चाकांवर. पावसात सिग्नल सुटल्यावर जरा जोरात पाय दिला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, ती यामुळे. बदल करायचा तो ओल्यातली पकड वाढवायला, हे आधी ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

माप

हिशेब सोपा आहे. रुंदीला टक्केवारीने गुणलं की साइडवॉलची उंची मिळते. ती दुप्पट करून त्यात रिमचा व्यास मिळवायचा (पंधरा इंच म्हणजे ३८१ मिमी). मूळ टायर: १८५ × ०.६० = १११, म्हणून २२२ + ३८१ = ६०३ मिमी.

१९५/५५ आर१५ चा व्यास ५९५.५ भरतो. वळणावर चपळ, पण गाडी सुमारे ४ मिमीने खाली येते आणि साइडवॉल १०७ वर. २१५/४५ आर१७ फोटोत झकास दिसतो, पण व्यास ३.७ टक्क्यांनी वाढतो आणि साइडवॉल जेमतेम ९७ मिमी उरते. आपल्याकडच्या खड्ड्यांत अशा टायरला फुगा येतो आणि रिमलाही पोचा पडतो. तो पर्याय बाद.

निवड १९५/६० आर१५. व्यास ६१५, वाढ २ टक्के, साइडवॉल ११७. रुंदी १० मिमीने वाढते, म्हणजे आत ५ आणि बाहेर ५. गाडी ६ मिमी उंच होते आणि चाकाच्या वरची मोकळी जागा तेवढीच घटते. १९५/६० ला साडेपाच ते सात इंच रुंदीचं रिम चालतं. आपलं रिम किती रुंद आहे ते स्पोकच्या मागच्या अंगाला उठवलेलं असतं. ६ जे, म्हणजे सहा इंच, असेल तर निर्धास्त.

एक परिणाम बरेच जण विसरतात: १०२ किलोमीटर धावल्यावर ओडोमीटर १०० च दाखवतो. टाकी-टू-टाकी ॲव्हरेज काढताना किलोमीटरला १.०२ ने गुणा, नाहीतर नव्या टायरनी मायलेज खाल्लं असं उगाच वाटत राहील.

मापापुढच्या आकड्याकडेही बघायचं. तो भाराचा: ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी आकडा घ्यायचा नाही. त्यापुढचं अक्षर कमाल वेगाचं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०.

ब्रँड

कोणता ब्रँड चांगला यावर वाद रंगतात, पण प्रश्नच चुकीचा असतो. ब्रँडपेक्षा मॉडेल बघा. कॉन्टिनेन्टलचा यूसी६ आरामाकडे झुकणारा, तर एमसी६ पकडीसाठी. मिशेलिनचा प्रायमसी शांत आणि मऊ, पायलट स्पोर्ट ताठ. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जेवढा फरक असतो, तेवढा दोन कंपन्यांच्या आरामी टायरांत नसतो. या गाडीची पुढची चाकं ओल्यात फिरतात, त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, आवाज दुसरा, आयुष्य तिसरं, असा क्रम योग्य. साठ हजार किलोमीटर टिकणारा कडक टायर या इंजिनाला न्याय देत नाही.

जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हापासून बाहेरून येणारी मापं वेळेवर मिळतीलच असं नाही. अशा वेळी जुना साठा गळ्यात पडू नये म्हणून दुकानात बोलणी करण्याआधी टायरवरचा, तो कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायरचे कोड बघायचे, फक्त वरच्या टायरचा नाही.

बसवताना

रबरी वॉल्व्ह चारही नवे. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हसमोर आणायचा. तो हलक्या बाजूचा, त्यामुळे बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. असममित नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आली का, हे चाक गाडीला लावण्याआधी बघा.

सगळ्यात जास्त घोळ बोल्टमध्ये होतो. फोक्सवॅगनला नट नाहीत, १७ च्या पान्याचे बोल्ट आहेत आणि मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूच्या आकाराची बैठक लागते. गोल बोल्ट शंकूत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर, आणि पुढे सैल होतो. अलॉय बदलणार असाल तर बोल्ट, ५ × १०० चा पॅटर्न आणि मधल्या भोकाचं ५७.१ मिमी हे माप, तिन्ही जुळायला हवं. भोक मोठं असेल तर मधली फट भरणारी हब रिंग लावा, नाहीतर स्टीअरिंग थरथरतं.

एअर गनने बोल्ट आवळू देऊ नका. हाताने टेकवा, मग टॉर्क पान्याने १२० एनएम, एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने.

अलाइनमेंटला पुढचा टो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, जुळवता येतो. मागचा ॲक्सल टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे फिरवायला काही दिलेलंच नाही. मागच्या अलाइनमेंटचे वेगळे पैसे मागितले तर नेमकं काय फिरवणार ते विचारा.

५० आणि ५०० किलोमीटर

पन्नासला बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासायचा. पहिले ३०० ते ५०० किलोमीटर जोरकस वळणं नकोत. साच्यातून निघताना राहिलेला बुळबुळीत थर घासून जाईपर्यंत टायर खरी पकड देत नाही.

हवा गाडीवरच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्यापासून सुरू करा, टायर थंड असताना. मग ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर, आडवी खडूची रेघ मारा आणि सपाट कोरड्या रस्त्यावर दोनशे मीटर सरळ चालवा. रेघ मधेच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. १-२ पीएसआयने बदलत रेघ सगळीकडे सारखी पुसेपर्यंत हेच करा.

स्टेपनी जुन्याच मापाची राहते. ती पुढे लावायची वेळ आली तर डाव्या-उजव्या चाकाच्या व्यासात फरक पडतो आणि दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल सतत फिरत राहतं. म्हणून पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. वेग ८० च्या आत, आणि थेट पंक्चरवाल्याकडे.