डबा, मार्गे पुसेगाव

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहा, असं समितीनं कळवलं. माझी सगळ्यात ठसठशीत आठवण शाळा सुटल्यानंतरची आहे. पण तिच्यात चित्रकलेचे सर आहेत, तेव्हा चालून जाईल.

जून १९७२. जुनी अकरावी मॅट्रिक होऊन मी साताऱ्याला कॉलेजात निघालो. हेडसरांच्या चिठ्ठीवर वसतिगृहात जागा मिळाली, खानावळीची मात्र ऐपत नव्हती. माणदेशातल्या बऱ्याच पोरांसारखा माझाही डबा एस.टी.नं येणार होता. चित्रकलेच्या सरांनी ॲल्युमिनियमच्या डब्यावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव, वसतिगृह आणि खाली ‘मार्गे पुसेगाव’ असं सुबक रंगवून दिलं.

खोलीत चौघं, चार ट्रंका, एक बल्ब. दहाच्या सुमाराला दहिवडीची गाडी लागली की स्टँडवर झुंबड उडायची, कंडक्टरला हाका सुरू व्हायच्या. “मास्तर, माझा निळ्या फडक्यातला!” गाडी वाटेत फेल झाली, की कोरेगावकडच्या पोराच्या डब्यावर अख्खी खोली जेवायची.

त्या साली पाऊस झालाच नाही. पांढरी भाकरी जाऊन रेशनच्या मिलोची, म्हणजे अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी आली. डब्याचं झाकण काढलं की गावाची खबर कळे. पिठलं पातळ झालं, कांदा गेला, खर्डा तेवढा टिकून. उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा भाकरीखाली मजुरांना कामावर खायला मिळणारी सुकडी निघाली, तेव्हा मला कळलं की आईसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. घरच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं. त्या दिवशी डबा मी कुणाला दिला नाही.

आता नात पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. प्रवेश घेताना तिच्याकडून आणि तिच्या वडलांकडून ‘रॅगिंग करणार नाही’ असं लिहून घेतलं. आम्हाला सीनियर पोरांनी थंडीत बनियनवर लेझीम खेळायला लावली होती. ते कुणाला सांगायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. राज्यात त्याविरुद्ध कायदा आला तो १९९९ साली. नातीच्या खोलीत दोघीच, वायफाय, गरम पाणी. रात्री भूक लागली तर मोबाइलवरून मागवतात. माझ्या वयाचे लोक म्हणतात, हॉस्टेलची ती मजा गेली. उपाशीपोटी कसली आलीय मजा?

आमच्या वर्गात तीन मुली होत्या. तिघीही मॅट्रिक झाल्या, त्यातली एक माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी. वसतिगृहात एकही गेली नाही. त्यांच्यासाठी कुणी डबा रंगवला नाही. नातीची तक्रार आहे ती हजेरीची. मुलींची नऊच्या ठोक्याला, मुलांची नाहीच. तिचं बरोबर आहे. रेक्टरना पत्र लिहितो म्हटलं, तर “आबा, तुम्ही नका मध्ये पडू” म्हणाली.

परवा माळ्यावरून तो डबा काढला. आत खिळे आणि नटबोल्ट होते. नातीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवला आणि विचारलं, “मार्गे पुसेगाव कशाला? डब्याला काय रस्ता ठाऊक होता?”

म्हटलं, त्यालाच होता. रोज घरी जाऊन यायचा. मी दिवाळीशिवाय गेलो नाही.