वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी देवघर

आमच्या घरात देवघर नव्हते. सदाशिव पेठेतल्या वाड्यात सकाळी बाकीच्या बिऱ्हाडांतून घंटेचा आवाज यायचा, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत आकाशवाणीच्या बातम्या लागलेल्या असायच्या. वडील राष्ट्र सेवा दलातले, आई शिक्षिका; दोघांचे लग्न नोंदणी पद्धतीने झालेले, आणि पुढे माझेही तसेच झाले. आडनाव ऐकून लोक मात्र गृहीत धरत की हिला अथर्वशीर्ष तरी येत असणारच. प्रत्यक्षात ‘सुखकर्ता’ची पहिली दोन कडवी सोडली तर मला काहीही येत नव्हते, आणि तिसऱ्या कडव्याला मी आयुष्यभर फक्त टाळ्या वाजवत आले. परगावाहून आलेल्या माणसाला “हे काय आहे?” असे विचारण्याची मुभा असते, पुण्यात वाढलेल्या मध्यमवयीन बाईला ती नसते.

२०२२ च्या जूनमध्ये पालख्या पुन्हा पायी निघाल्या. त्याआधीची दोन वर्षे करोनामुळे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, त्यामुळे त्या वर्षी गर्दीत एक निराळाच हुरूप होता. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते, आणि तेवढे दिवस आसपासच्या पेठांतले वाडे, शाळा, कार्यालये वारकऱ्यांनी भरून जातात. एका मैत्रिणीच्या वाड्यात दरवर्षी दिंडी उतरते. तिथे मी पोळ्या लाटायला गेले होते, कारण आमच्या घरात देव नसला तरी श्रमदान होतेच.

संध्याकाळी जोत्यावर एक साठीची बाई सुजलेल्या घोट्याला तेल चोळत हरिपाठ म्हणत होती. एका हाताने तेल, दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका, आणि अभंगामागून अभंग न अडखळता चाललेले. संपल्यावर मी विचारले, याचे पुस्तक तुमच्याकडे मिळेल का? त्या म्हणाल्या, “मला वाचता येत न्हाई, माऊली. ऐकून ऐकून बसलं. तुमी म्हन्ता का?” मी म्हटले, नाही. “मग म्हना की. त्याला काय लागतंय?”

पुण्यात, माझ्या अनुभवाप्रमाणे, त्याला बरेच काही लागते. पूजेचे सामान घ्यायला तुळशीबागेतल्या ज्या दुकानात मी गेले, तिथल्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला तो कुलदैवताचा. मला ते माहीत नव्हते, दुकानाबाहेर उभे राहून आत्याला फोन करावा लागला आणि “आज अचानक कुठून आठवलं गं तुला?” हे ऐकून घ्यावे लागले. ताम्हन, पळी, पंचपात्र, निरांजन, सहाण, चंदनाचे खोड अशी यादी वाढत गेली. मग मूर्तींची पाळी आली. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लेकीला लग्नात माहेरून मिळतात, हे मला तेव्हा कळले. “हे कुणासाठी, मुलीच्या लग्नासाठी का?” या प्रश्नाला मी “माझ्यासाठीच” असे उत्तर दिले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि दोन्ही मूर्ती कागदात गुंडाळून दिल्या. माझे माहेर मी यूपीआयने भागवले.

सामान आणले आणि आठवडाभर ते कपाटात पडून राहिले. पूजा कशी करायची हे मोबाइलवर शोधले, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी रीत आणि प्रत्येक रीतीला जोडून एक धमकी: अमुक चुकले तर दारिद्र्य, तमुक विसरले तर दोष. शेवटी एका सकाळी ताम्हन घेऊन समोरच्या काकूंचे दार वाजवले. काकू ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, आणि नवऱ्यामागे गेली अकरा वर्षे घरची पूजा स्वतः करतात. मी काही स्पष्टीकरण द्यायच्या आत त्यांनी विचारले, “आंघोळ झाली का?” झाली होती. “मग बस.” माझा देवावर विश्वास आहे का, हे त्यांनी त्या दिवशीही विचारले नाही आणि त्यानंतरही कधी विचारलेले नाही.

त्यांनी सांगितलेली व्यवस्था मला आवडली, कारण तिला तर्क होता. देव घरी आलेला पाहुणा आहे असे धरायचे. त्याला बोलवायचे, बसायला आसन द्यायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, स्नान घालायचे, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, खायला काहीतरी, आणि निरोपाचा नमस्कार. असे एकूण सोळा उपचार. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या ऋचाही सोळाच, म्हणून प्रत्येक उपचाराला एक ऋचा म्हणतात. ज्याला तेवढा वेळ नाही त्याने पाचांवर भागवावे: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. “आणि तेही नाही जमलं तर?” “मग पाणी. गीतेत पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलंय त्यानं. आपण उगाच ताट वाढवतो.” मी पाच उपचारांवर थांबले आणि अजून तिथेच आहे.

या पाचांतले गंध हे माझे खरे शिक्षण ठरले. सुरुवातीला मी अष्टगंधाची डबी आणली होती. काकूंनी ती बाजूला सारली आणि सहाण पुढे केली. दगडावर पळीभर पाणी घालून मी खोड घासू लागले, तर नुसते गढूळ पाणी इकडून तिकडे पळत राहिले. “थेंब घाल, थेंब. आमटी करायची आहे का?” चार थेंब पाणी, खोड उभे धरायचे, आणि एकाच दिशेने गोल फिरवत राहायचे. पहिले मिनिटभर काहीच होत नाही, फक्त दगडावर लाकूड खरखरते. मग ती खरखर मऊ होते, खोड किंचित चिकटू लागते, आणि कडेला पिवळसर साय जमते. ती अनामिकेने उचलून देवाला लावायची. एवढ्याला साधारण चार मिनिटे लागतात. घाई केली तर गंध पातळ होते आणि बाळकृष्णाच्या कपाळावरून ओघळून नाकावर येते, त्यामुळे कोणत्या दिवशी माझे चित्त थाऱ्यावर नव्हते हे त्याच्या तोंडाकडे पाहून कळते. ध्यानाच्या एका वर्गाला मी पूर्वी बरेच पैसे भरले होते. तिथे डोळे मिटून जे साधले नाही, ते इथे उघड्या डोळ्यांनी कधी कधी साधते.

नियमांविषयी माझे मत हळूहळू तयार झाले. काही नियम भाषेसारखे असतात. गणपतीला दूर्वा आणि जास्वंद, शंकराला बेल, विष्णूला तुळस. गणपतीला रोज तुळस वाहत नाहीत, आणि शंकराला पूर्ण प्रदक्षिणा न घालता सोमसूत्रापासून, म्हणजे पिंडीवरचे पाणी बाहेर जाते त्या वाटेपासून, मागे फिरतात. याचे कारण सांगणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, पण मी ते नियम व्याकरण शिकावे तसे शिकले आणि त्यात मला आनंद झाला. दुसरे काही नियम मात्र माणसांना दूर ठेवण्यासाठी असतात. पूजेचे पाणी कामाला येणाऱ्या मावशींनी भरलेले नसावे, असे काकू म्हणाल्या, तेव्हा मी “हे मी पाळणार नाही” असे सरळ सांगितले. त्या दोन दिवस घुश्शात होत्या. महिन्याच्या चार दिवसांबद्दल मी त्यांना काही विचारतच नाही आणि पूजा चालू ठेवते. पुण्यात शिकून पौरोहित्य करणाऱ्या स्त्रियांना कित्येक वर्षे झाली. मी तर फक्त घरातल्या बाळकृष्णाला आंघोळ घालते आहे.

सर्वांत मोठी फजिती दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात झाली. निर्माल्य मी नदीत न टाकता गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत घालते. एका सकाळी कामावर जायची घाई होती, ताम्हनातली फुले भराभर गोळा करून कुंडीत टाकली, आणि संध्याकाळी दिवा लावताना पाहिले तर बाळकृष्ण जागेवर नाही. अंगठ्याएवढी मूर्ती, सोफ्याखाली, मोरीच्या जाळीत, केराच्या डब्यात, सगळीकडे शोधले. मोबाइलवर वाचलेल्या सगळ्या धमक्या एकदम आठवल्या, आणि इतकी वर्षे विवेकवादाच्या सभांना बसलेली मी रात्री अकरा वाजता रडकुंडीला आले. तिसऱ्या दिवशी कुंडीला पाणी घालताना वाळलेल्या शेवंतीखालून पितळी गुडघा चमकला. काकूंना घाबरत सांगितले, तर त्या पोट धरून हसल्या. “मातीतच सापडला ना? त्याला मातीच आवडते. धू आणि ठेव.”

वडिलांना हे सांगायला मला वर्ष लागले. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आम्ही लहानपणी त्यांच्याबरोबर दर रविवारी पर्वती चढायचो, पण १०३ पायऱ्यांचा व्यायाम करून, वरून शहर पाहून उतरायचो. देवळात जात नसू. पायऱ्यांवर ते १९२९ चा सत्याग्रह सांगायचे: अस्पृश्यांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून लोक आले आणि त्यांच्यावर दगडफेक झाली. आता देवघर पाहून ते एवढेच म्हणाले, “त्या पायऱ्या विसरू नकोस म्हणजे झालं.” मी म्हटले, “बाबा, साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरला उपोषण केलं, ते देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून. तुम्हीच शिकवलंत.” “गुरुजींची गोष्ट वेगळी,” असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उचलले. त्यांचे म्हणणे मला पटत नाही असे नाही; सोवळ्याचा शब्द ऐकला की मलाही आधी त्या पायऱ्याच आठवतात. मात्र त्यानंतर मी एकटी पर्वतीवर गेले आणि पहिल्यांदा देवदेवेश्वराच्या आत शिरले. मध्ये शंकर, चार कोपऱ्यांत गणपती, देवी, सूर्य आणि विष्णू: काकू ज्याला पंचायतन म्हणतात ते मी इतकी वर्षे बाहेरून ओलांडत होते.

काकूंच्या तबकातले पंचायतन दगडांचे आहे, त्यांच्या सासूबाईंकडून आलेले. मध्ये विष्णूचा म्हणून गंडकी नदीतला शाळिग्राम, भोवती शंकराचा म्हणून नर्मदेतला बाण, शोण नदीचा तांबडा गणपती, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा चकाकणारा खडा. काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो म्हणाला, तू व्हिडिओवर दाखव, आम्ही दर्शन घेऊ. या पावसाळ्यात गुडघ्यांनी फार त्रास दिला, तेव्हा काकूंनी विचारले की माझ्यामागे हे तू नेशील का? शाळिग्राम घरात आला की त्याची पूजा रोज व्हावी लागते. गावाला जायचे तर कुणाला तरी सांगून जावे लागते. माझ्या पाच उपचारांत अजून सुट्ट्या पडतात, उदबत्ती कधी कधी विझलेलीच लक्षात येते, आणि हरिपाठाचे नऊच अभंग पाठ झाले आहेत.

मी अजून होकार दिलेला नाही. तूर्त ज्या दिवशी काकूंना खाली बसवत नाही, त्या दिवशी त्या खुर्चीवरून सांगतात आणि मी त्यांच्या ताम्हनात शाळिग्रामाला पाणी घालते. पुसून तबकात ठेवताना तो दर वेळी मला वाटतो त्यापेक्षा जड लागतो. मग समोर येऊन माझी सहाण धुते आणि थेंब थेंब पाणी घालून पुन्हा सुरुवात करते.