दुष्काळातल्या बाई

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे समितीचे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलने, मैदान, निकालाची परंपरा अशा सर्वच गोष्टींविषयी थोडे थोडे लिहावे असे मनात होते. परंतु लिहायला बसल्यावर बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. आपल्या शाळेत शिक्षिका पुष्कळ होऊन गेल्या, तरी नुसते ‘बाई’ म्हटले की कोण, हे आमच्या काळातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. इतर गुरुजनांचे ऋण माझ्यावर आहेच. त्यांनी हा पक्षपात पोटात घालावा.

बाई मूळच्या केडगावच्या. १९०० सालच्या दुष्काळात संस्कृत विदुषी आणि समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून ज्या निराधार मुली केडगावच्या आपल्या मुक्ति मिशन या आश्रमात आणल्या, त्यांत बाईंच्या आई होत्या आणि पुढे तिथल्याच छापखान्यात त्या खिळे जुळवण्याचे काम करीत. त्यामुळे रमाबाईंचे चरित्र बाईंनी पुस्तकातून वाचण्याआधी घरात ऐकले होते, आणि एखादा तास मोकळा मिळाला की त्या आम्हाला त्यातलाच एखादा प्रसंग सांगत. १८७० नंतरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली, भावाबरोबर देशभर पायी फिरलेली, पुढे भाऊही गेलेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच पती पटकीने गेल्यामुळे तान्ह्या मनोरमेला घेऊन उभी राहिलेली ती विदुषी आमच्या वर्गात अशी वावरे की, ती आमच्याच गावातली कोणी थोरली आत्या असावी.

बाई सर्वांत जास्त वेळ रेंगाळत त्या १८९३ सालापाशी. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेले शारदा सदन, म्हणजे रमाबाईंनी विधवा मुलींसाठी काढलेली निवासी शाळा, तोवर पुण्यात आले होते. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपणहून तिथे जाऊन बसत, एवढ्यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सदनाशी असलेला संबंध तोडला आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. हे सांगताना बाईंनी रानड्यांविषयी एकही उणा शब्द कधी काढला नाही. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, तेव्हा त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, असेही त्या आम्हाला सांगत. ‘विरोध करणारा प्रत्येक माणूस वाईट असतो असं धरून चाललं, तर देवावर विश्वास ठेवणं फार सोपं होतं, पोरींनो,’ हे त्यांचे वाक्य मला तेव्हा कळले नव्हते. यानंतर तीनच वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला, रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय करावी लागली. आज ज्याला आपण मुक्ति मिशन म्हणतो ते असे, पुणे बंद झाल्यामुळे, उभे राहिले.

आता १९७२ सालच्या दुष्काळाकडे येते. खडी फोडायला गेलेले आईवडील, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीच्या, भाकऱ्या आणि दुपारी शाळेत मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्याचे वर्णन नको. सुकडी वाटण्याचे काम बाईंकडे होते. एकदा साठा संपला आणि ज्या दिवशी गाडी यायची होती त्या दिवशी आम्ही सगळे ताटे घेऊन व्हरांड्यात बसून राहिलो. बाईंनी नेहमीप्रमाणे क्षणभर डोळे मिटले. अशा आठवणींत यानंतर गाडीचा भोंगा ऐकू येतो. आमच्या आठवणीत तो ऐकू आला नाही. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा सातवीतला एक व्रात्य मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘बाई, तुमच्या देवानं गाडी पाठवली नाही.’ सगळे चिडीचूप झाले. बाई म्हणाल्या, ‘गाडी सरकारची आहे रे. तिच्यासाठी तालुक्याला जावं लागेल.’ मग त्यांनी घरातला गूळ आणि फुटाणे आणून आम्हाला मूठमूठ वाटले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने त्या मामलेदार कचेरीत गेल्या, दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिल्या आणि संध्याकाळी चालकाशेजारी बसूनच गाडी घेऊन आल्या. देवाने गाडी पाठवली, असे त्या नंतरही कधी म्हणाल्या नाहीत. नोंदवहीत मात्र पोत्यांची संख्या लिहून खाली सही केली.

पुढे एक निनावी अर्ज संस्थेकडे गेला. बाई खाऊच्या आमिषाने मुलांना प्रार्थना शिकवतात, असा त्यात आरोप होता. पालकांची सभा भरली. बाईंनी एवढेच सांगितले की, मी डोळे मिटते हे खरे आहे, मुलांना मिटायला सांगितलेले नाही. माझे आजोबा माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. ते उठून म्हणाले, ‘माझी नात दुपारी बाईंच्या हातचं खाते आणि रात्री माझ्यासंगं भजनाला बसते. तिचं काय बिघडलं ते मला दाखवा.’ तरीही वाटपाचे काम बाईंकडून काढून घेण्यात आले. त्यावर त्यांनी काय करावे? उष्टी ताटे मोजून, घासून ठेवण्याचे काम त्यांनी मागून घेतले, आणि पाऊस पडून सुकडी बंद होईपर्यंत ते केले. ज्यांनी अर्ज केला असे गावात बोलले जाई, त्यांच्याही मुलांची ताटे त्यांत होती.

मी दहावीनंतर परिचर्येच्या (नर्सिंगच्या) शिक्षणाला जायचे म्हटले तेव्हा घरात मोठा विरोध झाला. तो मोडून काढायला बाई तीन मैल चालत आमच्या वस्तीवर आल्या. पुढे मी शासकीय रुग्णालयातून अधिसेविका (मेट्रन) म्हणून निवृत्त झाले, जिल्हा पातळीवर गौरवही झाला. परंतु सेवेच्या मध्यावर, औषधसाठ्यातील एक गैरव्यवहार लेखी कळवल्याबद्दल माझीच आडवळणी बदली झाली, तेव्हा मी पांडुरंगाचे नाव घेतले आणि नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी कक्षातील बेडपॅन स्वतः मोजून घेतली. बाईंनी ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास आणि मी विठोबावर ठेवलेला विश्वास यांत विद्वानांना अंतर दिसेल; मला कामाच्या वेळी ते कधी जाणवले नाही.

परवा शाळा पाहून आले. इमारत देखणी झाली आहे, संगणक कक्ष आहे, पोषण आहाराचे स्वयंपाकघरही स्वतंत्र आहे. तो व्हरांडा मात्र राहिलेला नाही, आणि कार्यालयातील तसबिरींच्या रांगेत बाईंची तसबीर नाही, याचे मनापासून वाईट वाटले. देणगीदारांच्या तसबिरी आहेत, त्या असाव्यातच.

रमाबाई अखेरपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करीत राहिल्या; १९२१ मध्ये मनोरमा गेली तरी ते काम थांबले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बाईही शेवटच्या आजारपणात गावातल्या मुलींचे गणिताचे पेपर तपासत होत्या, असे त्यांच्या भाचीने मला कळवले. आमच्या तुकडीतील मुलींनी मिळून त्यांच्या नावे शाळेत एक ठेव ठेवली आहे. तिच्या व्याजातून दरवर्षी एका मुलीला परिचर्येच्या शिक्षणासाठी मदत मिळेल. अर्जात जात आणि धर्म यांचे रकाने नसावेत, ही आमची विनंती समितीने मान्य केली आहे. इच्छुक मुलींनी उत्पन्नाचा दाखला जोडून कार्यालयात अर्ज द्यावा.