रील एजंटने बनवावी, पण प्रकाशनाची किल्ली त्याच्याकडे नसावी

छोट्या व्हिडिओंचं काम एजंटांवर, म्हणजे एकामागून एक पायऱ्या स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रॅमांवर, सोपवायचं ठरलं की बहुतेक जण आधी मॉडेल निवडायला बसतात. स्क्रिप्ट कोण लिहिणार, आवाज कुठला, चित्रं कशातून काढायची. यातलं सगळं दर काही महिन्यांनी बदलतं, त्यामुळे त्यावर फार डोकं शिणवू नये. आधी हिशोब करावा तो तपासणाऱ्या माणसाच्या मिनिटांचा. एजंट तासाभरात चाळीस व्हिडिओ रेंडर करून रांगेत लावेल. पण 45 सेकंदांचा एक व्हिडिओ नीट बघायचा, त्यातले दावे पडताळायचे आणि कॅप्शन वाचायची म्हटलं तर सहा-सात मिनिटं सहज जातात. म्हणजे तासाला आठ-नऊ व्हिडिओ झाले. त्यापलीकडे जी मंजुरी मिळते ती नुसतं बटण दाबणं असतं, आणि अशा मंजुरीपेक्षा तपासणी नसलेली बरी, कारण निदान कुणी गाफील तरी राहत नाही.

तपासणी शेवटी एकदाच ठेवली तर ती हमखास ढिली पडते. तयार, गुळगुळीत व्हिडिओ समोर आला की ‘एवढ्याशा चुकीसाठी परत रेंडर कशाला’ असं वाटतंच. म्हणून दोन ठिकाणी थांबा हवा: एक स्क्रिप्टवर, आवाज आणि चित्रांवर पैसे खर्च होण्याआधी, आणि दुसरा अंतिम फाइलवर.

पहिल्या थांब्यावर माणसाला नुसती स्क्रिप्ट देऊ नका. एजंटकडून प्रत्येक विधानासाठी एक ओळ भरून घ्या: वाक्य, त्यातला दावा, स्रोताचा पत्ता आणि स्रोतातला उतारा जसाच्या तसा. मग मॉडेल नव्हे, तर साधा प्रोग्रॅम तो उतारा जतन केलेल्या मूळ मजकुरात शोधतो. सापडला नाही तर स्क्रिप्ट माणसापर्यंत जातच नाही. मनाने रचलेले उतारे इथेच गळतात.

मराठीत या शोधात एक खाच आहे. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवलेला असतो: कधी नुक्तावाला ऱ आणि हलन्त, तर कधी साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडणीचं चिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध हुकतो, आणि युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साठवणी सारख्या करणारं) करून घेतलं तरी हा फरक जात नाही. तो नियम हाताने लिहावा लागतो. सोबत देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत आणि लागोपाठच्या मोकळ्या जागा एकीत बदलून घ्या. एवढं केल्याशिवाय खरे उतारेही खोटे ठरतात, आणि मग लोक वैतागून ही चाळणीच बंद करतात.

उतारा सापडला म्हणजे दावा खरा ठरला असं मात्र नाही. समजा, स्रोतात लिहिलंय की यूट्यूब शॉर्ट्सची कमाल लांबी 15 ऑक्टोबर 2024 पासून 60 सेकंदांवरून 3 मिनिटं झाली. एजंट त्यावरून लिहितो, ‘आता यूट्यूबला 3 मिनिटांचेच शॉर्ट्स हवेत.’ उतारा अस्सल आहे, तारीख बरोबर आहे आणि वाक्य चूक आहे. हे पकडणं माणसाचं काम. त्याची मिनिटं इथे खर्च व्हावीत, शुद्धलेखन बघण्यात नव्हे.

स्क्रिप्टमध्येच प्रत्येक वाक्याची दोन रूपं ठेवा, एक पडद्यावर दिसणारं आणि एक बोललं जाणारं. पडद्यावर ‘2.5 कोटी’, बोलण्यात ‘अडीच कोटी’. पडद्यावर ‘1857’, बोलण्यात ‘अठराशे सत्तावन्न’. हे आवाजाच्या इंजिनवर सोडलं तर ‘दोन पॉइंट पाच कोटी’ ऐकायला मिळतं, कधी तर वर्ष ‘एक हजार आठशे सत्तावन्न’ होतं. संक्षेप आणि इंग्रजी नावंही बोलण्याच्या रूपात देवनागरीतच लिहून द्यावीत. लांबीचा अंदाज म्हणाल, तर 45 सेकंदांना साधारण 80 ते 95 मराठी शब्द पुरतात. एजंट बहुतेकदा सव्वाशे लिहितो आणि मग आवाजाचा वेग वाढवून जमवतो. शब्दांची मर्यादा प्रोग्रॅमनेच तपासावी.

आवाज तयार झाला की तो व्हिस्परसारख्या, बोलणं मजकुरात उतरवणाऱ्या मॉडेलला ऐकवून उलट मजकूर काढायचा आणि बोलण्याच्या रूपाशी ताडून बघायचा. भाषा ‘एमआर’ (मराठीचा कोड) अशी स्पष्ट सांगा, नाहीतर छोटा तुकडा हिंदी समजून उतरवला जाण्याचा धोका असतो. तंतोतंत जुळण्याची अपेक्षा नको. मराठीत हा उतारा बऱ्यापैकी ओबडधोबड येतो, त्यामुळे गळलेलं वाक्य, आकडे आणि विशेषनामं एवढंच बघायचं. आणि याच कारणाने सबटायटल कधीही या उताऱ्यावरून बनवू नयेत. मजकूर स्क्रिप्टचा, वेळा तेवढ्या आवाजावरून.

सबटायटल व्हिडिओत छापताना देवनागरी मोडते ती बहुतेकदा अक्षरजोडणीमुळे. एफएफएमपेग या व्हिडिओ-प्रोग्रॅमच्या जुन्या बिल्डमधला अक्षरं छापणारा ड्रॉटेक्स्ट फिल्टर किंवा अक्षरं जोडणाऱ्या रॅक्म लायब्ररीशिवाय बसवलेलं पिलो (पायथनची चित्रांची लायब्ररी) वापरलं, की ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. एएसएस ही सबटायटलची फाइल बनवून ती लिबॅस लायब्ररीकडून छापून घेतली की जोडणी हार्फबझ या अक्षरं जोडणाऱ्या इंजिनकडे जाते आणि प्रश्न मिटतो. फॉण्ट मात्र सर्व्हरवर खरोखर बसवलेला हवा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता चालतो. चित्र काढणाऱ्या मॉडेलला चित्रात मराठी अक्षरं काढायला सांगू नका. पाटी कोरी मागा, मजकूर वरून टाका.

जागेचंही भान हवं. 1080 बाय 1920 च्या चौकटीत खालच्या बाजूला कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटाचा सल्ला वर 14 टक्के, खाली 35 टक्के आणि दोन्ही कडांना 6 टक्के जागा मोकळी ठेवण्याचा आहे. म्हणजे खालून 672 पिक्सेल. बऱ्याच साच्यांत सबटायटल नेमके तिथेच असतात.

माणसाकडे फाइल जाण्याआधी यंत्राची तपासणी उरकून घ्यावी. एफएफएमपेगसोबतच्या एफएफप्रोबने मापं, लांबी आणि ध्वनीचा ट्रॅक बघायचा. ब्लॅकडिटेक्ट, फ्रीझडिटेक्ट आणि सायलेन्सडिटेक्ट या फिल्टरांनी काळी चौकट, गोठलेलं चित्र आणि अनपेक्षित शांतता शोधायची. आवाजाची पातळी लाउडनॉर्म फिल्टरच्या दोन फेऱ्यांत उणे 14 एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं एकक) आसपास आणावी. पीएनजी चित्रांवरून व्हिडिओ बनवताना पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही420पी असा सांगायला विसरलं, की एक्स264 हा व्हिडिओ एन्कोडर कधी कधी 4:4:4 या रंगसाठवणीत फाइल बनवतो. ती संगणकावर छान चालते आणि कित्येक फोनवर उघडतच नाही.

दुसरा थांबा फोनवरच घ्यावा. एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. आवाज बंद असताना चित्र आणि वाक्य यांतली विसंगती लगेच डोळ्यांत भरते: माणूस एक, नाव दुसऱ्याचं, घटना एका काळातली, चित्र भलत्याच काळातलं. ‘मंजूर’चं बटण व्हिडिओ शेवटपर्यंत चालल्याशिवाय उघडू नये. एजंटने स्वतःला दिलेला ‘92 टक्के खात्री’ असला आकडा तर तपासणाऱ्याला दाखवूच नये. तो वाचला की नजर सैल होते. दुसऱ्या मॉडेलकडून आधी शेरे घ्यायला हरकत नाही, पण शेरा म्हणजे मंजुरी नव्हे. कृत्रिम चित्रणाचं लेबल लावायचं की नाही हेही माणसानेच ठरवावं. खऱ्यासारखं भासणारं दृश्य किंवा आवाज असेल तर यूट्यूबला ते कळवावं लागतं, आणि एपीआयमध्ये (प्रोग्रॅमने यूट्यूबशी बोलायची सोय) त्यासाठी ‘कन्टेन्ससिंथेटिकमीडिया’ हे वेगळं फील्ड आहे. फक्त स्क्रिप्टसाठी एआयची मदत घेतली असेल तर त्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. मंजुरी कशाला मिळाली? ‘व्हिडिओ क्रमांक 118 ला’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण मंजुरीनंतर एजंटने सबटायटलमधला एक शब्द ‘सुधारून’ फाइल परत रेंडर केली तरी क्रमांक तोच राहतो. मंजुरीच्या क्षणी व्हिडिओ फाइल, शीर्षक, वर्णन, लेबल, खातं आणि प्रकाशनाची वेळ या सगळ्यांचा मिळून एसएचए-256 हॅश, म्हणजे एक अक्षर बदललं तरी बदलणारा ठसा, काढून ठेवावा. प्रकाशनाच्या वेळी तो पुन्हा काढायचा. जुळला नाही तर गाडी परत दुसऱ्या थांब्यावर. यात अपवाद ठेवू नका, अगदी स्वल्पविरामासाठीसुद्धा.

प्रकाशन करणारा भाग साधा प्रोग्रॅम असावा, त्यात मॉडेल नको. खात्यांची टोकन, म्हणजे प्रकाशनाची किल्ली, त्याच्याकडेच राहावीत. एजंट ज्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये चालतो तिथे ती दिसताही कामा नयेत. एजंट वेबपानं वाचतो आणि त्या पानांवर कुणी काय सूचना पेरून ठेवल्या असतील सांगता येत नाही. खासगी माहिती, परका मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय या तीन गोष्टी एका जागी आल्या की धोका आहे, हे प्रोग्रॅमर सायमन विलिसन यांनी 2025 मध्ये नेमकेपणाने मांडलं. एजंटला फक्त ‘मसुदा’ फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा द्या.

इन्स्टाग्रामच्या एपीआयमध्ये आधी कंटेनर (मशीनवरचा नव्हे, प्रकाशनाआधीची तात्पुरती नोंद) बनतो, मग त्याची स्थिती ‘फिनिश्ड’ होईपर्यंत वाट बघायची, मग प्रकाशनाचा आदेश द्यायचा. हा कंटेनर 24 तासांत बाद होतो. वेळ वाचवायला तो मंजुरीआधीच बनवून ठेवला आणि तपासणाऱ्याने दोन दिवसांनी होकार दिला, तर हातात ‘एक्स्पायर्ड’ उरतं. तेव्हा आधी मंजुरी, मग कंटेनर. शिवाय इन्स्टाग्राम व्हिडिओ तुम्ही दिलेल्या दुव्यावरून स्वतः उचलतं, म्हणून त्या दुव्यावरची फाइल नावानिशी गोठवलेली हवी. हॅशच फाइलचं नाव केलं की काम होतं. प्रकाशनाच्या आदेशाला उत्तर आलं नाही तर तोच आदेश लगेच पुन्हा पाठवू नका. आधी कंटेनरची स्थिती विचारा. तीच रील दोनदा पडते ती इथेच.

यूट्यूबवर व्हिडिओ आधी ‘प्रायव्हेट’ म्हणून चढवून ‘पब्लिशॲट’मध्ये वेळ देता येते, आणि मधल्या काळात प्रक्रिया झालेला व्हिडिओ एकदा बघता येतो. दोन गोष्टी नवख्यांना छळतात. 28 जुलै 2020 नंतर बनवलेल्या एपीआय प्रकल्पाचं यूट्यूबकडून ऑडिट झालेलं नसेल, तर त्यातून चढलेले व्हिडिओ खासगीच राहतात. कोडमध्ये कितीही शोधलं तरी चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसते. आणि गूगलच्या संमती-पडद्याची (खातं वापरण्याची परवानगी मागणारा पडदा) स्थिती ‘टेस्टिंग’ असेल तर रिफ्रेश टोकन, म्हणजे ती परवानगी चालू ठेवणारी किल्ली, सात दिवसांत मरतं. आठवडाभर सुरळीत चाललेली साखळी आठव्या दिवशी गप्प होते ती यामुळे.

तपासणाऱ्याचा थकवा मोजायचा असेल तर रांगेत अधूनमधून मुद्दाम चुकीचा व्हिडिओ घाला: आकडा बदललेला, चित्र भलतंच. त्याला तशी आगाऊ कल्पना देऊन ठेवा, कधी ते सांगू नका. असे व्हिडिओ मंजूर व्हायला लागले की रांग लहान करायची, माणसाला दम भरायचा नाही. नकाराची कारणं पाच-सहा ठरावीक ठेवा: तथ्य, उच्चार, चित्र, हक्क, सूर, लेबल. प्रत्येक नकारानंतर प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला दिलेल्या सूचनांत) एक ओळ वाढवत गेलात तर थोड्याच दिवसांत तो कुणालाच, मॉडेललाही, धड न कळणारा गठ्ठा होतो. तेच कारण वारंवार येत असेल तर त्यासाठी यंत्राची तपासणी लिहा. आणि ‘अमुक तासांत उत्तर नाही आलं तर आपोआप मंजूर’ असला नियम कुणी सुचवला तर ऐकू नका. उत्तर नाही म्हणजे नाही.

एकेक व्हिडिओ निर्दोष असूनही सगळे मिळून रटाळ होऊ शकतात. यूट्यूबने 15 जुलै 2025 पासून कमाईच्या नियमांत अशा साचेबंद, घाऊक मजकुराला ‘इनऑथेंटिक’ म्हटलं आहे. आठवड्यातून एकदा शेवटचे दहा व्हिडिओ ओळीने बघितले की साचा उघडा पडतो: तोच प्रश्न, तीच सुरुवात, त्याच जागी तोच धक्का.

प्रकाशनानंतर चूक कळली तर काय, हेही आधी लिहून ठेवा. वर्णनातली चूक जागेवर दुरुस्त होते. व्हिडिओतला आकडा चुकला असेल तर त्याच दुव्यावर फाइल बदलता येत नाही, म्हणून यूट्यूबवर आधी ‘प्रायव्हेट’ करायचं, इन्स्टाग्रामवर फोनवरून उतरवायचं. त्यासाठी ॲपमध्ये लॉगिन असलेला माणूस कोण, हे नावानिशी ठरलेलं हवं. दुरुस्त फाइल नवी समजून दोन्ही थांब्यांवरून जाते, तिचा हॅश नवा निघतो; जुनी नोंद पुसायची नाही, तिच्यापुढे ‘मागे घेतला’ आणि कारण लिहायचं.