वाड्यात पंगत मांडताना

सातारला वाड्यात हॉटेल काढलंय म्हटलं की लोक आधी विचारतात, "लायसन किती लागली?" लायसनं लागलीच, त्यांच्याकडं येते. पण आमचं घोडं सगळ्यात आधी अडलं ते मिळकत पत्रिकेवर. नगर भूमापन कार्यालयातून उतारा काढला तर मालक म्हणून अजून पणजोबाच. म्हणजे आधी वारस नोंद, आणि वारस नोंद म्हणजे सगळं गणगोत कागदावर आणणं.

वाडा राजवाड्यापासून चालत जाण्यासारखा, एका पेठेतल्या आतल्या बोळात. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, चारी बाजूंनी ओसरी, माजघर, मागं स्वयंपाकघर, त्याच्यामागं आड आणि परस. वर माडी. राहणारं कुणी उरलं नव्हतं. काका सदर बझारला फ्लॅटमध्ये गेले, बाकीचे पुण्याला. पावसाळ्यात एका बाजूचं छप्पर गळायचं, आणि दर दिवाळीला बिल्डरचा विषय निघायचा. मी म्हटलं, पाडायच्या आधी एकदा भाड्यानं देऊन बघू. मोठं एकच हॉटेल नको, वाड्याचे भाग पाडून तीन-चार जणांना देऊ. ज्याला जे चांगलं येतं ते त्यानं रांधावं. दादाला, म्हणजे थोरल्या चुलत भावाला, हे पटलं नव्हतं. पण "तूच धावपळ करणार असशील तर कर," म्हणाला.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. आमच्या घरात त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं. वारस नोंदीच्या निमित्तानं आत्यांची नावं आली आणि दादा लगेच म्हणाला, "हक्कसोड करून घेऊ, पुढं कटकट नको." आपल्याकडं रिवाजच आहे हा. भाऊबीजेला साडी द्यायची आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. मीही त्या घरची माहेरवाशीणच, त्यामुळं मी अडून बसले. हक्कसोड नोंदवलं की हिस्सा कायमचा गेला. आम्हाला तर फक्त भाड्यानं द्यायला संमती हवी होती. शेवटी संमतीपत्र झालं, भाड्यात आत्यांचा वाटा धरून. (मुद्रांक आता शंभराचा चालत नाही, २०२४ च्या ऑक्टोबरपासून पाचशेचा लागतो. प्रत्येक कागदाला पाचशे म्हटल्यावर दादानं कागद कमी करायचा चांगलाच अभ्यास केला.) थोरल्या आत्यानं सही करायच्या आधी एवढंच विचारलं, "मी माहेरी जेवायला आले तर मला बिल लावणार का गं?" नाही म्हटलं तर म्हणाली, "मग लिही तसं." वकिलांनी हसत हसत ते कलम घातलं. आहे त्या संमतीपत्रात, नऊ नंबरचं.

देवडीतल्या एका खोलीत जुना भाडेकरू आहे, शिंपीकाम करतो. त्याला उठवावं असा एक सूर होता. जुन्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असतं, आणि तसंही त्याचं मशीन आमच्या जन्माआधीपासून तिथं आहे. तो तिथंच राहिला. आता जेवायला नंबर लागेपर्यंत लोक त्याच्याकडून बटण लावून घेतात.

मग आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी मोजमाप घ्यायच्या आधी जुन्या स्वयंपाकघरातली चूल पेटवायला लावली आणि धूर कुठं जातो ते बघत बसल्या. दादा वैतागला, "फी धूर बघायची घेता का?" पण पुढचे बहुतेक निर्णय त्या धुरानंच घेतले. धुराडं चालू होतं. धूर वर जात होता, पण थोडा माजघराच्या कडीपाटाखाली रेंगाळत होता. कडीपाट म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. लाकूड सागवानी, पण तेलाची वाफ रोज लागली की त्यावर चिकट थर बसतो. तो निघत नाही, आणि एखादी ठिणगी पोचली तर तोच आधी पेट घेतो. म्हणून नियम ठरला: तळण आत नाही. भजी, वडे, पुऱ्या जे काय तळायचं ते परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. माजघराला लागून असलेल्या स्वयंपाकघरात फक्त शिजवणं, भाजणं. भाकरी-आमटीवाल्या मावशींना त्यानं काही फरक पडला नाही. मिसळवाल्याला पडला, त्याला परसात जावं लागलं, आणि आता गर्दी तिथंच जास्त असते.

गॅसची गंमत वेगळी. हॉटेलात १९ किलोचा व्यापारी सिलिंडर लागतो. मिसळवाल्याला तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवायचा होता, जिथं जमिनीखाली आमचं धान्याचं बळद आहे. बाईंनी तिथंच थांबवलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर जात नाही, खाली साठतो. बळद म्हणजे त्याला आयतं घर, आणि तिथं साठलेला गॅस कुणाच्या नाकालाही कळायचा नाही. त्यामुळं सिलिंडर परसात, मोकळ्या हवेत, जाळीच्या कपाटात, आणि आत फक्त पाइप. बळदाचं तोंड बंद केलं. ज्यांच्या वाड्यात तळघर, बळद, पेव काहीही आहे त्यांनी हॉटेल काढायच्या आधी हे एवढं तरी बघावं, बाकी रंगरंगोटी नंतर.

भिंतींचं थोडक्यात सांगते. काकांनी मागं कधीतरी एका भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. आतली भिंत मातीची, तिला ओल बाहेर टाकायला वाट हवी असते. ती वाट बंद झाल्यावर गिलावा पोपडे धरून सुटला आणि आतली मातीही घेऊन आला. सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, चुना भिजवून, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून. तो वाळायला सिमेंटपेक्षा फार वेळ घेतो. भाडं सुरू व्हायची घाई झालेल्या घरात हा वेळ कसा काढला ते विचारू नका.

सगळ्यात मोठं भांडण चौकावरून झालं. दादाला वर पारदर्शक पत्रा हवा होता. म्हणजे चौकात बारा महिने टेबलं लागतील, पाऊस आत येणार नाही. हिशेबानं त्याचं बरोबर होतं. पण चौक उघडा आहे म्हणूनच चारी बाजूंच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो, आणि स्वयंपाकघरातली उष्ण हवा वर निघून जाते. झाकण घातलं की सगळा वाडा एकच बंद खोली होतो. मग एक्झॉस्टचे पंखे लावा, त्यांची वीज भरा, आणि वर उन्हाळ्यात पत्र्याखाली बसा. सातारचा पाऊस यवतेश्वराच्या डोंगरावरून आडवा येतो, तो पत्र्याला ऐकणारही नव्हता. चौक उघडाच राहिला. जून ते सप्टेंबर आमची निम्मी टेबलं बंद असतात. दादा अजून ते दरवर्षी मोजून दाखवतो.

आगीबद्दल मात्र घरात कुणी वाद घातला नाही. मुंबईत लोअर परळला कमला मिलच्या आवारात २०१७ च्या डिसेंबरअखेर गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत होतं. तीही जुनी जागाच होती, कापड गिरणीचं आवार, नंतर हॉटेलांनी भरलेलं. आपल्या वाड्यांची अडचण अशी की आत-बाहेर करायला एकच दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातलं छोटं दार, एका वेळी वाकून एकच माणूस जाईल अशी. वाडा बांधणाऱ्याला तेच हवं होतं, शत्रू एकेक करून आत यावा. जेवणाऱ्यांना ते चालत नाही. म्हणून जेवणाच्या वेळी मोठा दरवाजा पूर्ण उघडा ठेवायचा, आणि परसातून मागच्या बोळात दुसरी वाट काढायची. मागच्या भिंतीत एक बुजवलेलं दार सापडलं, म्हशी न्यायचं. ते उघडलं नसतं तर हे काम मी तिथंच सोडलं असतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणं यंत्रणा बसवून परवानाधारक संस्थेकडून 'अ' नमुन्यातला दाखला घेतला. नंतर वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा 'ब' नमुना द्यावा लागतो. पहिला कागद सगळे आणतात, दुसरा विसरतात.

नगरपालिकेकडून राहत्या जागेचा वापर बदलून घेतला. त्यात फाईल एका टेबलावर बरीच झोपली, तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही नाही. दुकाने व आस्थापना कायद्याचं काम सोपं निघालं. २०१७ च्या कायद्यानं कमी कामगार असलेल्यांना नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते.

अन्न परवान्याचं लोक चुकीचं समजतात. वाडा एक म्हणून परवाना एक, असं नाही. जो रांधतो त्याच्या नावानं, प्रत्येकाचा वेगळा. प्रत्येकाला चौदा आकडी नंबर मिळतो, तो दर्शनी भागात लावायचा आणि बिलावरही छापायचा. मावशींच्या अर्जासाठी आम्ही दोघी मोबाइल घेऊन ओसरीवर बसलो. उलाढाल किती, हा रकाना आला तर त्या म्हणाल्या, "अजून चूल पेटली नाही, उलाढाल काय सांगू?" अंदाज लिहिला. कामाला येणाऱ्या बायकांची वैद्यकीय तपासणी झाली. पाण्याची चाचणी करून घेतली. आडाचं पाणी गोड आहे म्हणून सगळे कौतुक करत होते, पण ते धुण्या-पुसण्यालाच ठेवलं. प्यायला आणि रांधायला नळाचं, तेही गाळून. गोड पाणी आणि चांगलं पाणी यात फरक आहे, आणि तो जिभेला कळत नाही.

राहिला मटणाचा विषय. सातारला जेवायचं ठिकाण आणि मटण नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं अवघड. पण माजघरात देवघर आहे, आणि काकूंनी स्पष्ट सांगितलं, "देवासमोर रस्सा जाणार असेल तर मी सही मागं घेते." बैठका झाल्या, रुसवे झाले. मग काकूंनीच तोड काढली. पूर्वी घरातले पुरुष आखाडात परसातच चूल मांडून मटण करायचे, तेव्हा भांडीसुद्धा वेगळी असायची. तेच करा की. म्हणून मटणाची चूल परसात, भांडी वेगळी, वाढणंही तिकडंच. येणंजाणं म्हशीच्या दारानं. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी आधी एकीकडं जेवावं, मग दुसरीकडं जावं. काही लोक खरंच तसं करतात.

पेढे विकायचे नाहीत हे मात्र एकमतानं ठरलं. मोती चौक एवढा जवळ असताना साताऱ्यात कंदी पेढ्याचं नवीन दुकान काढायचं धाडस आमच्यात कुणाच्याच अंगात नव्हतं.

येणाऱ्यांसाठी सांगते. सकाळी मिसळ खायची तर परसात, चुलीच्या वाऱ्याच्या बाजूला बसू नका, डोळे चुरचुरतात. दुपारी मावशींकडं माजघरात पाटावर. उडदाचं घुटं ज्या दिवशी असेल त्या दिवशी दुसरं काही मागू नका. जोंधळ्याची भाकरी कुस्करून त्यावर घुटं, बाजूला खर्डा आणि कांदा. वाघ्या घेवड्याची आमटी कोरेगाव भागातल्या घेवड्याची असते, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण मावशी ते मानांकनावरून घेत नाहीत, चटकन शिजतो का आणि रस्सा दाट होतो का ते बघून घेतात. गुडघे दुखत असतील तर ओसरीवर टेबलं आहेत. जोतं उंच आहे, तिथं एका बाजूला उतार केलाय. कासच्या फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी येऊ नका. आलात तर गाडी बोळात घालू नका, ती मागं काढताना शिंप्याच्या पायरीला लागते आणि मग मला फोन येतो.

माडीवर बसता येईल का, हे सगळेच विचारतात, कारण खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. बसता येत नाही. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, हॉटेलच्या जेवणघराला त्याच्या दुप्पट. शंभर वर्षांच्या तुळयांवर वाढदिवसाची पार्टी चढवायला इंजिनिअरनी नाही म्हटलंय. खालून लोखंडी आधार दिले तर जमेल असं ते म्हणतात, पण मग तो आधार नेमका माजघराच्या मधोमध उभा राहतो. त्यावर सध्या दादाचं आणि माझं भांडण चालू आहे.